खोटा कोनाडा आणि बघणाऱ्याची जागा

आमच्या आष्टीच्या जुन्या घरात बैठकीच्या उत्तरेकडच्या भिंतीत दोन कोनाडे आहेत. उजवीकडचा खरा. त्यात दिवा असायचा, काड्यापेटी असायची, आजोबांची तपकिरीची डबी असायची. डावीकडचा खोटा, म्हणजे रंगवलेला. त्यात एक पितळी तांब्या, तांब्यावर फुलपात्र आणि शेजारी दोन डाळिंबं. लहानपणी पाहुण्यांच्या मुलांना त्या डाळिंबाला हात लावायला सांगणं हा आमचा दिवाळीतला ठरलेला खेळ होता. बोटं भिंतीवर आपटली की आम्ही हसायचो.

आजी मात्र त्या कोनाड्याला कायम नावं ठेवायची. ‘त्यो कोनाडा वाकडा हाय,’ ती म्हणायची. ‘आन् तांब्याला बूड न्हाई. पाणी कुठं ऱ्हाईल?’ आम्ही ते हसण्यावारी नेलं. आजी निरक्षर, तिला चित्रातलं काय कळणार, असं मलाही बरीच वर्षं वाटत होतं. या लेखात मला मुख्यतः हेच सांगायचं आहे, की आजी बरोबर होती आणि ज्यानं तो कोनाडा रंगवला तोही बरोबर होता.

आधी गावाविषयी. आष्टी म्हटलं की इतिहासाच्या वाचकाला 1818 साली बापू गोखले जिथे पडले ती आष्टी आठवते. ती सोलापूर जिल्ह्यातली. बेचाळीसच्या लढ्यातली आष्टी वर्ध्याकडची. आमची आष्टी बीड जिल्ह्यातली, 1948 पर्यंत निजामाच्या राज्यातली आणि बाजारहाटासाठी मात्र नगरकडे तोंड करून बसलेली. 2022 मध्ये नगरहून आष्टीपर्यंत रेल्वे आली तेव्हा हे नातं लोखंडानं पक्कं झालं, इतकंच. मी या गावात तीस वर्षं फोटो स्टुडिओ चालवला. कलेचं शिक्षण असं काही झालेलं नाही. जे शिकलो ते कॅमेऱ्यामागे उभं राहून आणि मिळतील ती पुस्तकं वाचून.

डोळ्याला फसवण्याचे नियम

अशा चित्रांना फ्रेंच भाषेत ‘ट्राँप लॉय’ म्हणतात. अर्थ सरळ आहे : डोळ्याला फसवणारं. आपण त्याला भासचित्र म्हणू. हुबेहूब चित्र आणि भासचित्र यांत फरक आहे. भिंतीवर लावलेली राजा रविवर्म्याची लक्ष्मी कितीही जिवंत वाटली तरी ती चौकटीत आहे, हे आपल्याला माहीत असतं. भासचित्र चौकट नाकारतं. ‘मी चित्र नाही, मी इथलीच वस्तू आहे’ असं ते सांगतं. म्हणून त्याला काही बंधनं पाळावी लागतात.

पहिलं बंधन आकाराचं. तांब्या तांब्याएवढाच हवा. दुसरं उजेडाचं. खोलीत खरा उजेड ज्या बाजूनं येतो त्याच बाजूनं चित्रातल्या वस्तूंवर पडला पाहिजे. तिसरं खोलीचं, म्हणजे किती आत गेल्याचा भास द्यायचा त्याचं. आपले दोन डोळे एकमेकांपासून अडीच इंचांच्या आसपास अंतरावर असतात आणि प्रत्येकाला वस्तू किंचित वेगळ्या कोनातून दिसते. त्या फरकावरून मेंदू जवळ-लांब ठरवतो. शिवाय आपण चाललो की जवळच्या वस्तू लांबच्यांपेक्षा वेगानं सरकतात. रंगवलेल्या भिंतीवर यातलं काहीच घडत नाही. जितका खोल भास तितकी ही चोरी लवकर पकडली जाते. म्हणूनच कोनाडा, फळी, खुंटीला अडकवलेली वस्तू, पडदा हे या कलेचे आवडते विषय आहेत. चार-सहा इंचांचं खोटं पचतं, चार मैलांचं पचत नाही.

प्लिनी या रोमन लेखकानं सांगितलेली गोष्ट प्रसिद्ध आहे. झ्यूक्सिसनं रंगवलेल्या द्राक्षांवर पाखरं चोची मारायला आली. तो ऐटीत पारेशियसला म्हणाला, ‘आता तुझ्या चित्रावरचा पडदा बाजूला कर.’ तो पडदाच चित्र होता. गोष्टीत जिंकला तो द्राक्षं काढणारा नाही, पडदा काढणारा.

चौथं बंधन सगळ्यांत कडक आहे. बघणाऱ्याची जागा ठरलेली असावी लागते. ते पुढे येईलच.

आपल्याकडचं खोटं

ही कला पाश्चात्त्यांचीच, असं समजायचं कारण नाही. महाभारतातली मयसभा आठवा. जमिनीला पाणी समजून दुर्योधन वस्त्र सावरतो, पाण्याला जमीन समजून आत पडतो, बंद दाराला उघडं समजून डोकं आपटून घेतो. मयानं ती सभा बांधली तेव्हा एक गोष्ट नेमकी ओळखली होती : घरचे फसत नाहीत, पाहुणा फसतो, आणि पाहुणा फसला की घरचे हसतात. आमच्या डाळिंबाच्या खेळात दुसरं काय होतं? फक्त त्या हसण्यातून युद्ध झालं नाही.

दगडानं लाकडाचं सोंग घेणं ही तर आपल्या लेण्यांची जुनी सवय. कार्ल्याच्या चैत्यगृहात छताला खऱ्या लाकडाच्या कमानी अजून आहेत. अजिंठ्याच्या 19 आणि 26 क्रमांकांच्या लेण्यांत त्याच कमानी दगडातच कोरल्या आहेत. त्या काही पेलत नाहीत. त्या फक्त लाकडी घराची आठवण टिकवतात. औरंगाबादचा बीबी का मकबरा बघताना किती जणांच्या लक्षात येतं, की मुख्य इमारतीचा संगमरवर कमरेएवढ्या पट्टीपर्यंत आहे आणि त्यावर घुमटाच्या पायापर्यंत आपलाच काळा दगड आहे? त्यावर चुन्याचा इतका तलम, घोटलेला गिलावा आहे, की लांबून सगळं एकच दिसतं. पैसा कमी पडला तिथे कारागिरी उभी राहिली.

आमच्या कोनाड्याचं थेट नातं मात्र ‘चिनीखान्या’शी आहे. उंची चिनी भांडी, अत्तरदाण्या ठेवायला भिंतीत ओळीनं छोटे कोनाडे करायचे, ही इराणकडून आलेली मुघल आणि दख्खनी महालांतली पद्धत. पुढे गंमत अशी झाली की भांडी गेली आणि कोनाडे राहिले. मग कोनाडेही गेले आणि त्यांची चित्रं राहिली. आग्र्याला 1628 साली पूर्ण झालेल्या इतिमादउद्दौलाच्या कबरीत सुरया, फुलदाण्या आणि फळं भिंतीवरच आहेत. तांब्या, फुलपात्र आणि दोन डाळिंबं हा त्याच घराण्यातला गरीब, मराठी बोलणारा वंशज आहे.

आपल्या वाड्यांतली भित्तिचित्रं याहून वेगळी. मेणवलीचा नाना फडणीसांचा वाडा घ्या किंवा चांदवडचा होळकरांचा रंगमहाल. तिथली चित्रं गोष्ट सांगतात, देवादिकांचं दर्शन घडवतात. त्यांना फसवायचं नाही. माणसं, घरं, झाडं सगळी एकाच पातळीवर मांडलेली, कुठूनही बघा, सारखीच दिसतात. ती चित्रं सगळ्यांसाठी असतात. भासचित्र एकासाठी असतं.

यथार्थदर्शन आणि पडदे

एका जागेवरून दिसेल तसं काढायचं, या शास्त्राला आपल्याकडे यथार्थदर्शन म्हणतात. ते मराठी मुलखात साधारण दोन वाटांनी आलं. पहिली वाट दरबारी. जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार 1792 मध्ये पुण्यात आला. इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट याच्या पुढाकारानं शनिवारवाड्यात चित्रकलेची शाळा सुरू झाली. गंगाराम तांबट त्याच वर्तुळात तयार झाला आणि त्यानं वेरूळच्या लेण्यांची चित्रं काढली. 1795 मध्ये वेल्स वारला आणि ती वाट खुंटली. पुढे 1857 मध्ये मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्ट निघालं आणि हे शिक्षण पक्कं झालं.

दुसरी वाट नाटकवाल्यांची आणि आमच्यासारख्या गावांपर्यंत पोचली ती हीच. 1880 मध्ये किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आलं. नंतरच्या चाळीसेक वर्षांत नाटक कंपन्यांची चुरस गाण्यांइतकीच पडद्यांवर चालली. राजमार्ग, जंगल, महाल, उद्यान असे पडदे गुंडाळून बैलगाडीतून आणि आगगाडीतून गावोगाव फिरत. कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव हे मिस्त्री बंधू पडदे रंगवण्यात नावाजलेले होते. त्यांतले बाबूराव म्हणजे पुढचे चित्रपटमहर्षी बाबूराव पेंटर. ज्यानं कधी शहर पाहिलं नाही त्यानं लांब जाणारा रस्ता निमुळता होताना पहिल्यांदा पाहिला तो नाटकाच्या पडद्यावर. फोटो स्टुडिओंचे जिने आणि बागा रंगवलेले पडदे याच कुळातले. माझ्या स्टुडिओतही एक होता. त्यातल्या जिन्यावर हात टेकून उभं राहिल्याचा आव आणत कित्येक नवरदेवांनी फोटो काढून घेतले.

आमचा कोनाडा शके 1851 चा, म्हणजे 1929 सालचा. भिंतीच्या कोपऱ्यात तसं लिहिलं आहे. नगरहून आलेला एक पडदे रंगवणारा महिनाभर घरी राहिला होता, त्याला रोज ताक लागायचं, एवढं आजी सांगायची.

दोरी लावून पाहिलं

घर माळवदाचं. दगडमातीच्या तीन-तीन फूट जाड भिंती, लाकडी खांब, तुळया, वर किलचनं आणि त्यावर पांढऱ्या मातीचा थर. बाहेरच्या भिंतींना खिडक्या नाहीत. ऊन आणि चोर दोन्ही बाहेर राहावेत, ही त्यामागची दृष्टी. उजेड येतो तो दारातून आणि माळवदातल्या साण्यातून. बैठकीला मात्र साणं नाही. पूर्वेला अंगणाचं दार, पश्चिमेला माजघराचं दार. दक्षिणेच्या भिंतीला गादी आणि लोड. तिथे आजोबा बसायचे, आलेला मोठा माणूस बसायचा.

तीन वर्षांपूर्वी घर पाडायचं ठरलं तेव्हा मी त्या भिंतीचे फोटो काढायला गेलो. तिपाईवर कॅमेरा नेहमीच्या उंचीला लावला, फोटो काढले आणि पडद्यावर पाहिले. कोनाडा वाकडा! आजीचं वाक्य आठवलं. मग मी सुतारासारखा कामाला लागलो. चित्रात आत जाणाऱ्या ज्या तिरक्या कडा होत्या त्यांना दोरी लावून रेषा पुढे वाढवल्या. यथार्थदर्शनाचा नियम असा, की आत जाणाऱ्या सगळ्या समांतर कडा एका बिंदूत मिळतात आणि तो बिंदू बघणाऱ्याच्या डोळ्याच्या अगदी समोर, त्याच उंचीवर असतो. रेषा मिळाल्या. पण कुठे? जमिनीपासून 32 इंचांवर आणि कोनाड्याच्या मध्यापासून उजवीकडे 36 इंचांवर.

उभ्या माणसाचे डोळे पाच फुटांच्या आसपास असतात. 32 इंच म्हणजे गादीवर मांडी घालून बसलेल्या माणसाचे डोळे. आणि उजवीकडे 36 इंच म्हणजे दोन्ही कोनाड्यांच्या बरोबर मध्ये. लांबीचाही हिशेब लागला. रंगवलेल्या कोनाड्याची डावी कड त्या बिंदूपासून 45 इंच आणि तिच्या आतल्या बाजूची रुंदी साडेतीन इंच, म्हणजे साधारण तेरावा भाग. खरा जोडीदार कोनाडा 9 इंच खोल आहे. खोट्याचीही खोली तेवढीच धरली, तर 9 हा ज्याचा तेरावा भाग ते 117. त्यातून 9 वजा केले की 108 इंच, म्हणजे 9 फूट. बैठक 11 फूट रुंद. लोडाला टेकून बसलेल्या माणसाचे डोळे मागच्या भिंतीपासून दोन फूट पुढे असतात. म्हणजे 9 फूट.

मी गादीच्या जागी जाऊन बसलो. कोनाडा सरळ झाला.

आता आजीचं म्हणणं बघा. कोनाड्याचा तळ जमिनीपासून 38 इंचांवर. बसलेल्याच्या डोळ्यांपेक्षा तो वर आहे, म्हणून त्याला तळ दिसणार नाही आणि तांब्याचं बूडही गोल दिसणार नाही, कडेनं सरळ कापल्यासारखं दिसेल. रंगवणाऱ्यानं तसंच काढलं. उभ्या माणसाला मात्र तळ दिसायला हवा, तांब्याचा गोल दिसायला हवा. बसणारा उजवीकडे, म्हणून कोनाड्याची डावी आतली बाजू दाखवली आहे. उजेड अंगणाच्या दारातून, म्हणजे उजवीकडून, म्हणून तीच बाजू उजळ आहे आणि तांब्याची सावली डावीकडे पडली आहे. पण जो माजघराच्या दारात डावीकडे उभा आहे, त्याला उजवी बाजू दिसायला हवी, आणि ती चित्रात नाहीच.

माजघराच्या दारात कोण उभं राहायचं? आजी. त्या घरात पन्नासहून जास्त वर्षं काढली, पण पुरुषांच्या बैठकीत ती गादीवर कधी बसली नाही. चहा देताना, निरोप सांगताना दाराच्या चौकटीला धरून उभी राहायची. तिला तिथून जे दिसत होतं तेच ती सांगत होती. तांब्याला बूड नव्हतंच.

रोमला सांत इग्नाझियो नावाचं चर्च आहे. खरा घुमट उभारला गेला नाही म्हणून 1685 मध्ये आंद्रेआ पोझ्झो यानं कापडावर घुमट रंगवून तो छताला लावला. तो कुठून खरा दिसतो हे सांगायला तिथे फरशीत एक संगमरवरी चकती बसवली आहे. तिथून बाजूला सरकलं की घुमट कलतो. पण त्या चकतीवर येईल तो उभा राहू शकतो. आमच्या घरातली चकती म्हणजे ती गादी होती.

मागची पोकळी

खोटा कोनाडा रंगवायची गरज का पडली, हाही प्रश्न होताच. जोडीला जोड हवी, हे खरं. पण भिंत तीन फूट जाड होती, दुसरा कोनाडाही कोरता आला असता. बोटांनी वाजवून पाहिलं तेव्हा उलगडा झाला. उजवीकडे भिंत ठस्स वाजते, डावीकडे बद्द. तिथे मागे बळद आहे, म्हणजे भिंतीच्या पोटात धान्य साठवायची पोकळी. तिचं तोंड माजघरात, वरच्या अंगाला, फळीनं झाकलेलं. बैठकीच्या बाजूला उरलेली भिंत जेमतेम फूटभर. 9 इंचांचा कोनाडा कोरला असता तर बळद उघडं पडलं असतं.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात निजाम सरकारची धान्याची लेव्ही सुरू होती. वसुलीला आलेली माणसं त्याच गादीवर बसून चहा प्यायची आणि डाळिंबाचं कौतुक करायची, असं आजी सांगायची. मागे काय आहे ते तिला माहीत होतं. बहात्तरच्या दुष्काळातही त्या बळदातली ज्वारी पुरवून पुरवून खाल्ली. समोरच्या पोकळीचं कौतुक पुरुषांनी केलं, मागच्या पोकळीचा हिशेब बाईनं ठेवला.

आता काय करायचं

या दिवाळीनंतर घर पडेल. चुलतभावांचा निर्णय आहे आणि मी त्याला हरकत घेतलेली नाही. माळवदावर दर पावसाळ्याआधी माती टाकायला माणूस मिळत नाही. गावची निम्मी तरुण मंडळी हंगामात ऊसतोडीला असते. पश्चिमेची तुळई वाकली आहे. भित्तिचित्र भिंतीवरून सोडवून घेण्याचं तंत्र आहे. 1966 च्या पुरानंतर फ्लॉरेन्समध्ये अनेक चित्रं तशी काढली गेली. पण आमचा चुन्याचा पापुद्रा मातीच्या भिंतीवर आहे आणि हात लावला की भुगा होतो. शिवाय तो कोनाडा उचलून दुसरीकडे लावला, तर त्याची गादी, त्याचं दार आणि त्याचा उजेड कुठून आणायचा?

नव्या घरात चुलतभावाला धबधब्याचं थ्रीडी वॉलपेपर लावायचं आहे. टँकरच्या गावात धबधबा, म्हणून मी आधी हसलो. मग वाटलं, जे घरात नाही तेच माणूस भिंतीवर काढतो. आजोबांनी कोनाडा काढला, तो धबधबा लावील.

तुमच्या जुन्या घरात असं काही असेल, रंगवलेली खिडकी, खोटं कपाट, संगमरवराचा आव आणणारी पट्टी, तर चुना फासण्याआधी एवढं करा. उभ्यानं एक फोटो काढा, बसून एक काढा आणि प्रत्येक दारातून एक. जमिनीपासूनची उंची मोजा. उजेड कुठून येतो ते लिहा. आतल्या कडांना दोरी लावा आणि त्या कुठे मिळतात ते बघा. भिंत वाजवून पाहा. आणि चित्राविषयी घरातली बाई काय म्हणायची ते विचारा, विशेषतः तिनं नावं ठेवली असतील तर.

गेल्या महिन्यात आईला तिथे नेलं. तिचं वय ब्याऐंशी. दक्षिणेच्या भिंतीशी सतरंजी आणि उशी टाकली, तिला बसवलं आणि समोर बघायला सांगितलं. ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, ‘सासूबाईंना एकदा इथं बसवायला पाहिजे होतं.’